ओपनएचटीएफ १० महिने रोज वापरल्यावर, जळगाव एमआयडीसीतून

आमचं युनिट छोटं आहे, शेतातल्या पंपाचे ऑटो स्टार्टर आणि कंट्रोल पॅनल बनवतो, माल जास्त करून रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात जातो. दिवसाला ८०-९० सर्किट बोर्ड टेस्टिंगला येतात. दिवाळीनंतर मी टेस्ट बेंचवर ओपनएचटीएफ हे बोर्ड तपासून नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर बसवलं, आता पोळा आलाय, म्हणजे १० महिने होत आले. मराठीत यावर कोणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. आपल्याकडच्या छोट्या कारखान्यात जो कोणी टेस्टिंग बघतो त्याच्या कामात येईल.

आधी काय होतं तर रजिस्टर. सिरीयल नंबर, तारीख, व्होल्टेज ओके, ट्रिप (बिघाड झाला की मोटर आपोआप बंद होणं) ओके, सही. घाई असली की दिवसभराचं रजिस्टर संध्याकाळी एकदम भरलं जायचं, मीही भरलंय. मग मध्ये एक्सेल आलं, पण एक्सेलमध्येही लोक ओकेच टाईप करायचे कारण आकडा टाकायला वेळ लागतो. ओके म्हणजे नक्की किती ते कुणालाच माहीत नाही. शेतकरी पॅनल परत घेऊन आला की आमच्याकडे दाखवायला फक्त सही असायची.

ओपनएचटीएफ ही हार्डवेअर टेस्टिंगसाठीची पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच आहे, गुगलमधल्या इंजिनीअर्सनी चालू केली, ओपन सोर्स आहे, अपाचे २.० लायसन्स, पैसे लागत नाहीत. टेस्टचे तुकडे करायचे, एका तुकड्याला फेज म्हणतात आणि फेज म्हणजे साधं पायथनचं फंक्शन. फंक्शनच्या डोक्यावर मेझरमेंट लिहायचं, त्याचं नाव, युनिट आणि खालची-वरची लिमिट. मीटर, पॉवर सप्लाय, रिले (विजेने चालणारा स्विच) कार्ड ही सगळी उपकरणं प्लग म्हणून जोडायची, आमचा मीटर पायव्हिसा या उपकरणांशी बोलणाऱ्या पायथन लायब्ररीतून बोलतो. टेस्ट संपली की एक रेकॉर्ड तयार होतं, त्यात कोणता बोर्ड, कोणतं स्टेशन, कधी सुरू कधी संपली, प्रत्येक मोजमापाचा खरा आकडा, त्या वेळी लावलेली लिमिट आणि निकाल. ते रेकॉर्ड जेसन फाईल (नाव आणि आकडा अशी मांडणी असलेली साधी टेक्स्ट फाईल) म्हणून काढता येतं. अजून एक गोष्ट मला फार आवडली, फेजचा सोर्स कोडसुद्धा त्या रेकॉर्डमध्ये जातो, म्हणजे ६ महिन्यांनी कोणी विचारलं की त्या दिवशी टेस्ट नक्की काय करत होती, तर फाईल उघडून दाखवता येतं.

निकालात फेल आणि एरर वेगळे आहेत हेही छान. मीटरची वायर निघाली, प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर तो एरर, बोर्डाचा दोष नाही. रजिस्टरमध्ये हे दोन्ही एकाच खात्यात जायचं आणि बिचारा चांगला बोर्ड रिपेअरला जाऊन बसायचा. शिवाय मेझरमेंट जाहीर केलं आणि मोजायचं राहिलं तर बोर्ड पास होत नाही, अनसेट म्हणून राहतं आणि टेस्ट फेल धरली जाते. ही सेटिंग बदलता येते पण बदलू नका. रिकामी चौकट सोडून पुढे जायची सवय आमच्याकडे फक्त या एका गोष्टीने मोडली.

आता मुख्य सांगतो. फेब्रुवारीत यावल तालुक्यातले एक काका पॅनल घेऊन आले, विजेची एक फेज (टेस्टमधली फेज नाही) गेली तरी स्टार्टरने मोटर बंद केली नाही, मोटर जळाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, थ्री फेज मोटरची एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजवर करंट वाढतो, वाइंडिंग तापतं आणि जळतं, म्हणून आमचा बोर्ड फेज गेल्यावर १ ते ४ सेकंदांत ट्रिप झाला पाहिजे अशी आमची लिमिट आहे. काकांच्या समोर बसून सिरीयल नंबर टाकला तर त्या एका नंबरची तीन रेकॉर्ड निघाली. पहिलं फेल, दुसरं फेल, तिसरं पास. पहिल्या दोन्हीत ट्रिप झालाच नव्हता, तिसऱ्यात २.६ सेकंद. तिन्ही १० मिनिटांच्या आत. म्हणजे ऑपरेटरने बोर्ड काढून परत फिक्श्चरमध्ये, म्हणजे टेस्टसाठी बोर्ड दाबून धरणाऱ्या साच्यात दाबला, परत दाबला, आणि लागला एकदाचा. बोर्ड भिंगाखाली धरला तर रिलेच्या एका पायाला ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला झाळ, फिक्श्चरमध्ये दाबलं की टेकायचा आणि शेतात मोटरच्या थरथराटाने सुटायचा.

जुनं रजिस्टर असतं तर तिथे एकच ओळ असती, ओके. ओपनएचटीएफ जुन्यावर नवीन लिहीत नाही, प्रत्येक वेळी टेस्ट चालवली की वेगळं रेकॉर्ड, म्हणून ते दोन फेल आम्हाला दिसले. त्या काकांना आम्ही पॅनल बदलून दिलं, मोटर भरायचा खर्चही दिला, आणि त्याच संध्याकाळी नियम केला की एक बोर्ड दोनदा फेल झाला की तिसऱ्यांदा लावायचाच नाही, सरळ रिपेअर टेबलवर. स्क्रिप्ट आधी जुनी रेकॉर्ड बघते आणि दोन फेल असतील तर टेस्ट सुरूच करत नाही, रिपेअरवाल्याने नोंद केल्याशिवाय. हा भाग लायब्ररीत तयार मिळत नाही, मी लिहिला, ४० ओळी असतील.

दुसरा किस्सा मे महिन्याचा. जळगावचा मे माहीतच आहे, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ४३ डिग्री. लाईनवरच्या ताई बोर्ड घेऊन आल्या, "दादा, हाई लाल का व्हयनं? सकायले तं पास व्हयनं व्हतं." खरंच, तोच बोर्ड सकाळी रिले पुल-इन (रिले ओढला जायला लागणारं कमीत कमी व्होल्टेज) ८.२ व्होल्टला पास आणि दुपारी ८.६ ला फेल, आमची लिमिट ८.५. पहिल्यांदा सगळ्यांनी मीटरवर संशय घेतला. पण मी सुरुवातीपासून शेडचं तापमानसुद्धा एक मेझरमेंट म्हणून घेत होतो, त्याला लिमिट नाही, फक्त नोंद. ते आणि पुल-इन एका ग्राफवर टाकलं तर रेघ सरळ वर जाताना दिसली. रिलेची कॉइल तांब्याची, तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.३९ टक्के वाढतो, १३ डिग्री फरक म्हणजे ५ टक्के, तेवढंच व्होल्टेजही जास्त लागतं, ८.२ चे ८.६ बरोबर होतात. बोर्ड चांगला, मीटरही चांगला, लिमिट मी थंडीत ठरवली होती ती चुकलेली. आता आकडा २५ डिग्रीवर आणून मग तपासतो आणि मूळ आकडाही ठेवतो. ताईंना ग्राफ दाखवला, त्यांना लगेच समजलं, त्या दिवसापासून काही वेगळं दिसलं की स्वतः येऊन सांगतात. मला या सगळ्या प्रोजेक्टमधला हा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठवड्यात लाईनवरच्या निम्म्या बायका माहेरी असतात, दरवर्षी त्या दिवसांत टेस्टिंग अर्ध्यावर यायचं. यंदा दोन नवीन पोरं बसवली, ब्राउझरमधल्या स्क्रीनवर एकेक सूचना मराठीत येते, लाल वायर इथे लावा, बटण दाबा, दिवा लागला का, आणि पोरांनी दुसऱ्या दिवशी ७० बोर्ड काढले. सूचनेत देवनागरी टाकली तर ब्राउझरमध्ये नीट दिसते, विंडोजच्या काळ्या खिडकीत मात्र अक्षरं तुटतात, म्हणून ऑपरेटरला ती खिडकी दाखवूच नका.

आता त्रास कुठे झाला ते. डॉक्युमेंटेशन अपुरं आहे. खरं शिकायचं असेल तर सोर्सबरोबर आलेल्या एक्झाम्पलच्या फाईली एकेक करून चालवून बघा, मी डिप्लोमावाला माणूस, पायथन स्वतः शिकलो, मला तीन आठवडे लागले. शिवाय ही लायब्ररी एका टेस्टचं रेकॉर्ड उत्तम बनवते पण हजार रेकॉर्डमधून शोधायचं, महिन्याचा पास टक्का काढायचा, ग्राफ काढायचा हे तिचं काम नाही, ते आपण बांधायचं. मी एसक्यूलाइट (एकाच फाईलमध्ये राहणारा डेटाबेस) आणि पांडाज (आकड्यांचा हिशोब करणारी पायथन लायब्ररी) घेतलं. आणि इथे मी एक मोठी चूक केली, एसक्यूलाइटची फाईल ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली आणि तिन्ही स्टेशन तिच्यात लिहायला लावली. रोज डेटाबेस लॉक्ड, रोज कोणीतरी हाक मारायचं. एसक्यूलाइट नेटवर्क फोल्डरसाठी नाहीच, हे त्यांनीच लिहून ठेवलंय, मी वाचलं नव्हतं. आता प्रत्येक स्टेशन आपली जेसन फाईल स्वतःच्या डिस्कवर लिहितं आणि ऑफिसमधला एकच पीसी दर १५ मिनिटांनी गोळा करून डेटाबेसमध्ये भरतो. मार्चपासून एकदाही अडकलं नाही.

फोटो आणि वेव्हफॉर्म (सिग्नलचा आलेख) रेकॉर्डला जोडता येतात, पण ते जेसनच्या आतच बेस६४, म्हणजे अक्षरांच्या रूपात बदलून बसतात आणि मूळ फाईलपेक्षा एक तृतीयांश जास्त जागा खातात. प्रत्येक बोर्डाचा फोटो जोडत होतो, डिस्क भरत आली तेव्हा लक्षात आलं. आता फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, रेकॉर्डमध्ये फक्त नाव.

मीटर ओव्हरलोड झाला की एससीपीआयच्या (मोजमापाच्या उपकरणांशी बोलायच्या ठरलेल्या भाषेच्या) नियमाप्रमाणे ९.९ गुणिले १० चा ३७ वा घात असा आकडा पाठवतो. लिमिटमुळे बोर्ड फेल होतो ते बरोबर, पण सरासरी काढताना असा एक आकडा आला की महिन्याचा सगळा हिशोब वाया. एप्रिलची माझी पहिली सरासरी अशीच गेली होती. तो आकडा आधीच ओळखून बाजूला काढा.

आणि घड्याळ. दोन नंबरच्या पीसीला यूपीएस नव्हता, मदरबोर्डवरचा सेल उतरलेला, लाइट गेली आणि आली तेव्हा पीसी उठला तो थेट १ जानेवारी २०१५ तारीख घेऊन. शॉप फ्लोअरवर इंटरनेट नाही त्यामुळे घड्याळ आपोआप सुधारायचा प्रश्नच नाही. अर्ध्या दिवसाची ३७ रेकॉर्ड त्या तारखेची झाली, सिरीयल नंबरच्या क्रमावरून बसून सरळ केली. तो सीआर२०३२ सेल काही रुपयांना मिळतो, स्टेशन लावायच्या आधी बदलून टाका. मी आता स्क्रिप्टमध्ये तपासणी टाकलीये, आजची तारीख शेवटच्या रेकॉर्डपेक्षा जुनी असेल तर टेस्ट सुरू होत नाही.

कोणी घ्यावं? दिवसाला ५-१० नग असतील आणि प्रत्येक नग वेगळा असेल तर एवढं करू नका, एक नीट एक्सेल पुरेल, फक्त ओकेच्या जागी आकडा लिहा. एकच बोर्ड शेकड्याने जात असेल आणि एका तरी माणसाला पायथनचं फंक्शन लिहिता येत असेल तर नक्की घ्या. घरचा माणूस नसेल तर मात्र अवघड आहे, बाहेरून कोणी करून दिलं तर पहिली लिमिट बदलायची वेळ आली की तुम्ही अडकाल.

एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून करायला हवी होती ती राहिली. जूनमध्ये रिलेच्या नवीन लॉटचा ट्रिप टाइम हळूहळू वर सरकताना दिसला, सगळे पास, पण २.५ च्या आसपास राहणारे आकडे ३.४ पर्यंत आलेले. सप्लायरला आकडे पाठवले तर त्याने साधा प्रश्न विचारला, कोणता लॉट? आमच्या रेकॉर्डमध्ये सिरीयल नंबर होता, तापमान होतं, कोड होता, लॉट नंबर नव्हता. स्टोअरच्या चलनांवरून तारखा जुळवत दोन रविवार गेले, तरी जानेवारीच्या आधीचं जुळलंच नाही. आता टेस्ट सुरू होताना बोर्डाबरोबर रिलेच्या रिळावरचा बारकोडही स्कॅन करावा लागतो, ऑपरेटरला ३ सेकंद जास्त लागतात. तुम्ही नवीन चालू करत असाल तर हे पहिल्या रेकॉर्डपासून टाका.