हेवी ‘सोडायला’ साडेआठ हजार मोजले

कमरेची गादी सरकली आणि 2023 ला मी ट्रक सोडला. तेवीस वर्षं दहाटायर चालवला होता. जाताना कोल्हापूरचा गूळ गुजरातला, येताना मिळेल तो माल. आता गावात खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि पोती आणायला एक छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो.

लायसन्सच्या कार्डावर दोन तारखा असतात. ड्रायव्हर लोकांना हे पाठ असतं, बाकीच्यांनी एकदा खिशातलं कार्ड काढून बघावं. एनटी म्हणजे आपली मोटारसायकल नि कार. माझ्या कार्डावर त्यापुढं 2027 होतं. टीआर म्हणजे धंद्याच्या गाड्या, माझं ट्रकचं हेवी लायसन्स त्यातच, आणि त्याची मुदत ऑगस्ट 2025 ला संपत होती. हेवी आता लागणार नव्हतं. संपलं तर संपू दे, बाकीचं चालू राहील, एवढाच माझा हिशेब. तो हिशेब शंभर टक्के बरोबर होता, म्हणून तर आजही स्वतःचाच राग येतो.

जुलैत पोराचं लर्निंग काढायला आरटीओला गेलो. फाटकाबाहेर छत्रीखाली टेबल, त्यावर लॅपटॉप, शेजारी झेरॉक्स. पोराचे कागद करता करता एजंटनं माझं कार्ड मागितलं, उलटसुलट केलं आणि बोट टीआरच्या तारखेवर ठेवलं.

“मामा, हे पुढच्या महिन्यात मरतंय की. मग अख्खं लायसन्स ब्लॉक होतं. कारबी नाही, गाडीबी नाही.”

मी म्हटलं, तारखा तर वेगवेगळ्या आहेत. तो हसला. “तुमच्या वेळंला होत्या. आता सगळं ऑनलाइन झालंय.” मग दुकानाची गाडी कोणती ते विचारलं. छोटा हत्ती म्हटल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. पिवळी नंबरप्लेट, टीआर नसताना पकडलं तर पाच हजार दंड, वर ॲक्सिडेंट झाला तर विमा हात वर करणार. उपाय त्याच्याकडं तयारच होता: आधी हेवी रीतसर सोडून द्यायचं, मग छोट्या हत्तीपुरतं एलएमव्ही-टीआर, म्हणजे धंद्याच्या हलक्या गाडीचं, चढवायचं. दोन कामं, साडेआठ हजार.

दंडाचा आकडा खरा होता, तो मला ठाऊक होता. एक गोष्ट खरी निघाली की माणूस पुढच्या चार विचारत नाही. तीन हजार रोख दिले, साडेपाच हजार फोनवरून. नाव भलत्याच कुणाचं आलं, तेव्हाही मी गप्प. आधारचा ओटीपी आला, तो मीच मोठ्यानं वाचून दाखवला. अर्जात मोबाईल नंबर मात्र त्यानं स्वतःचा घातला. हे मला फार उशिरा कळलं, कारण पुढचे सगळे मेसेज त्यालाच जात होते. दुसऱ्या कामाचं विचारलं की “सर्व्हर डाऊन हाय मामा.” दिवाळीपर्यंत सर्व्हर डाऊनच होता.

नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले आणि जुन्या मालकांचा फोन आला. एक ड्रायव्हर ऐनवेळी पळालेला, ऊस ओढायचा, वीस-पंचवीस किलोमीटरचा फेरा, घाट नाही. कंबर तेवढं सोसेल असं वाटलं. शिवाय खताची उधारी गावात अडकलेली. हो म्हणालो. हेवी रिन्यू करायला पुतण्याला बसवलं तर मोबाईलवर लायसन्समध्ये दोनच ओळी: मोटारसायकल आणि एलएमव्ही. ‘ट्रान्स’ ही धंद्याच्या गाड्यांची ओळच नाही.

खिडकीवरच्या बाईंनी अर्ज काढून दाखवला. वर्ग सरेंडर केल्याचा अर्ज, माझ्या आधारनं, माझ्या संमतीनं. फी पाचशेच्याही आतली. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी तिथल्याच बाकावर बसलो. मुदत नुसती संपू दिली असती तर एक वर्षाच्या आत डॉक्टरचा फॉर्म 1-ए आणि उशिराची फी भरून हेवी परत चालू झालं असतं, ट्रायल न देता. वर्ष उलटल्यावर ट्रायल द्यावी लागते, इतकंच. एनटीला त्याचा धक्काही लागत नाही. सरेंडर केलेलं मात्र पहिल्यापासून: लर्निंग, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5, ट्रायल.

आणि छोटा हत्ती? साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालते. सुप्रीम कोर्टानं 2017 ला तसं सांगितलं होतं आणि 6 नोव्हेंबर 2024 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं त्यावर शिक्का मारला. म्हणजे माझ्याकडून पैसे घेतले त्याच्या आठ महिने आधी. एजंटला हे माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही. (स्फोटक किंवा घातक माल भरत असाल तर गोष्ट वेगळी, खताच्या दुकानदारांनी आपण नक्की काय भरतो ते नीट विचारून घ्यावं.)

एजंटकडं गेलो तर म्हणाला, “सही तुमची, ओटीपी तुमचा.” पोलिसांत अर्ज दिलाय. फोनवरून दिलेल्या पैशाची नोंद तरी आहे. तीन हजार रोख दिल्याचा माझ्याकडं कपटाही नाही.

तुमचं टीआर संपत आलं असेल आणि हेवी नको असेल, तर काहीही करू नका. नूतनीकरण करायचंच असेल तर मुदत संपण्याआधी वर्षभर अर्ज करता येतो, सारथी या सरकारी लायसन्स पोर्टलवर, मूळ फी दोनशे. अर्जात मोबाईल नंबर आपलाच आहे ना, ते बघा. ओटीपी सांगण्याआधी लॅपटॉप आपल्याकडं फिरवायला सांगा आणि अर्जाच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर घरातलं कॉलेजचं पोरगं सोबत न्या. माझं शेजारीच उभं होतं, मीच त्याला चहा सांगायला पाठवलं.

मालकांना नाही म्हणून कळवलं. आता ड्रायव्हिंग स्कूलला जातोय. काल वीस-बावीस वर्षांचा शिकवणारा शेजारी बसला आणि म्हणाला, “काका, क्लच हळू सोडा.”