इंडक्शन शेगडी: हात गॅसचे, आच विजेची

ओट्यावर कुठेही ठेवता येणाऱ्या, एका जागेच्या, १८०० ते २००० वॅटच्या इंडक्शन शेगडीबद्दल हे लिहिलं आहे. ओट्यात बसवलेल्या हॉबची गोष्ट वेगळी. आमचं मत आधीच सांगतो: शेगडी चांगली आहे, घ्यावी. पाणी उकळायला, कुकर लावायला, दूध तापवायला ती उत्तम. मात्र घरात आल्यावर पहिले काही आठवडे फोडण्या जळतात, डाळ तळाशी लागते, दूध पॅनेलवर येतं, आणि दोष शेगडीला दिला जातो. खरं कारण असं की गॅसवर आपण आच डोळ्यांनी बघतो आणि कानांनी ऐकतो. इथे ज्योत नाही, भर्रर आवाज नाही, फक्त पंख्याची घरघर आणि एक आकडा. फोडणीच्या घाईत त्या आकड्याकडे लक्ष जात नाही.

फोडणीपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तिथे होतं. बहुतेक शेगड्या सुरू होताना १२०० ते १६०० वॅटवर उघडतात. सहाशे ग्रॅमच्या सपाट बुडाच्या स्टीलच्या भांड्यात दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली तेल घातलं आणि आकडा १८०० वर असला, तर तेल धुरावायला जेमतेम पाऊण मिनिट लागतं. मोहरीचा डबा उघडून चमचा शोधेपर्यंत तेल जळलेलं असतं. गॅसवर बरीचशी आच भांड्याच्या कडेने हवेत जाते, इथे ती थेट बुडात निर्माण होते, म्हणून हा फरक. तेव्हा मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता सगळं हाताशी काढून मगच बटण दाबावं. सुरुवात ६०० ते ८०० वर. मोहरी तडतडली की शेगडी बंद, आणि हिंग-हळद-तिखट बंद शेगडीवरच. भांड्यात त्यापुरती आच उरलेली असते.

इथेच नवख्यांची दुसरी फसगत होते. स्वस्त शेगड्यांना सलग मंद आच देता येत नाही. ४०० चा आकडा लावला तरी कॉइल, म्हणजे काचेखालची तारेची गुंडाळी, काही सेकंद हजारच्या आसपास चालते, मग काही सेकंद बंद राहते, पुन्हा चालते. तेलात बुडबुडे येतात, विरतात, पुन्हा येतात. शेगडी बिघडली असं वाटून आकडा वाढवला जातो आणि पुढच्या झटक्यात लसूण काळा होतो. उपाय आकड्यात नाही, भांड्यात आहे. जाड बुडाचं भांडं हे झटके पोटात घेतं आणि आच सारखी पसरते. पातळ पातेल्यात खीर, पुरण किंवा बासुंदी या शेगडीवर करूच नये.

फोडणी वरणावर ओतून रिकामं भांडं सवयीने पुन्हा शेगडीवर ठेवलं जातं, हा प्रसंग नीट समजून घ्यावा. भांडं उचललं की शेगडी पीं-पीं करते आणि आच थांबते, पण शेगडी बंद झालेली नसते. साधारण अर्धा ते एक मिनिट ती भांड्याची वाट बघते. तेवढ्यात भांडं परत आलं की आधीच्याच आकड्यावर जोरात सुरू होते. रिकामं, तेल माखलेलं भांडं मग लगेच धुरावतं, नॉनस्टिक असेल तर लेप कायमचा जातो. स्टीलचं झाकण किंवा ताट ‘जरा इथे ठेवू’ म्हणून काचेवर ठेवलं तर तेही असंच तापतं, आणि हाताला चटका बसेपर्यंत कळत नाही. चमचा सहसा तापत नाही, कारण साधारण १० ते १२ सेंटीमीटरपेक्षा लहान बूड शेगडी ओळखत नाही. सवय एकच लावायची: भांडं उचलण्याआधी बंदचं बटण, मग सांडशी.

याच कारणाने फोडणीचं कढलं आणि लोखंडी पळी इथे निरुपयोगी. लोखंड असूनही बूड लहान आणि गोल. भांड्यांची परीक्षा लोहचुंबकाने करावी, आणि चुंबक बाजूला नाही, बुडाला लावून बघावा. घट्ट चिकटला तर चालेल, सैल धरला तर शेगडी अडखळेल. अ‍ॅल्युमिनियम, हिंडालियम, तांबं, पितळ चालत नाही. बुडाला चुंबकीय स्टीलची चकती बसवलेली असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकरही चालतो. स्टीलमध्ये लोक हमखास फसतात. ३०४ जातीचं, निकेल असलेलं चकचकीत स्टील चुंबकाला धरत नाही, आणि स्वस्त समजलं जाणारं ४३० जातीचं स्टील छान चालतं. महागाचं पातेलं घरी पडून राहतं आणि साधं उपयोगी ठरतं, ते यामुळे.

बिडाचा तवा झकास चालतो, पण दोन गोष्टी पाळाव्यात. तो काचेवर सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा. आणि थेट २००० वर लावायचा नाही. मधला भाग कडांच्या कितीतरी आधी तापतो आणि ताणाने बीड तडकू शकतं. ६०० वर तीन-चार मिनिटं, मग १००० ते १२००. कॉइल साधारण १६ ते १८ सेंटीमीटरची असते आणि तवा २५ चा, म्हणून पोळी मध्ये भाजते आणि कडा पांढऱ्या राहतात. पोळी फिरवत, कडा मध्यावर आणून दाबत भाजावी लागते. फुलका, ज्वारी-बाजरीच्या भाकरीची दुसरी बाजू, भरताचं वांगं, उडदाचा पापड या चार कामांसाठी ज्योतच हवी. भाकरी तव्यावरच फडक्याने दाबून होते, पण चव आणि पापुद्रा तसा येत नाही. गॅस काढून टाकायच्या विचारात असणाऱ्यांनी हे आधीच मोजावं.

कुकरमध्ये घोटाळा शिट्ट्यांचा होतो. गॅसवर ‘तीन शिट्ट्या’ म्हणजे खरं तर दाबाखाली गेलेली ठरावीक मिनिटं. इंडक्शनवर १६०० ला शिट्ट्या एकामागोमाग येतात, चार-पाच मिनिटांत तीन होतात आणि तुरीची डाळ कडक राहते. शिवाय पाणी कमी असेल तर तळाची डाळ लागते. पहिली शिट्टी होईपर्यंत १४०० ते १६००, मग लगेच ५०० ते ६००, आणि तिथून घड्याळ लावून आठ मिनिटं. शिट्ट्या मोजणं सोडून द्यावं. टायमर इथेच उपयोगी पडतो. मध्येच लाइट गेली तर परत आल्यावर बहुतेक शेगड्या आपोआप सुरू होत नाहीत. कुकर गरम दिसतो, सगळ्यांना वाटतं शिजतंय, आणि जेवायला बसताना डाळ कच्ची निघते. लाइट जाऊन आली असेल तर पॅनेलवरचा आकडा बघायलाच हवा.

आता दूध. फ्रिजमधलं एक लिटर दूध १२०० वर सुमारे सहा मिनिटांत वर येतं. गॅसवर उतू गेलं तर बर्नरवर सांडतं, वास येतो, ज्योत फडफडते. इथे ते गुपचूप काचेवरून पॅनेलकडे वाहतं. टच पॅनेलला ओलावा म्हणजे बोटच वाटतं. आकडा आपोआप वाढतो किंवा पॅनेल दाद देईनासं होतं, आणि ओल्या बोटाने कितीही दाबलं तरी शेगडी बंद होत नाही. अशा वेळी भांडं उचलावं आणि भिंतीवरचं बटण बंद करावं. एरवी मात्र शेगडी शेगडीवरूनच बंद करावी आणि आतला पंखा थांबेपर्यंत, एक-दोन मिनिटं, भिंतीवरचं बटण चालू ठेवावं. आत कोंडलेली गरमी सर्किटचं आयुष्य कमी करते. ओलं पॅनेल असा दगा देतं, म्हणून टचपेक्षा दाबायची बटणं किंवा फिरवायचा खटका असलेली शेगडी घ्यावी, असं आम्ही ठामपणे सांगतो. आपल्या स्वयंपाकात हात ओले आणि कणकेचे असतात.

‘दूध’, ‘डोसा’, ‘करी’ अशी तयार बटणं फार विश्वासाची नाहीत. तापमान मोजणारा सेन्सर काचेखाली मध्यभागी असतो. तो काचेचं तापमान बघतो, पदार्थाचं नाही. वापरून बूड थोडं वर गेलेलं असलं की मध्ये हवा राहते आणि त्याचा अंदाज चुकतो.

सर्वांत धोक्याची चूक जागेची आहे. ओट्यावर जागा नाही म्हणून इंडक्शन शेगडी गॅसच्या शेगडीवरच ठेवली जाते. मग कोणीतरी सवयीने गॅसचं बटण फिरवून लायटर मारतं. वर प्लॅस्टिकचं अंग, आत वायरी, शेजारी गॅसची नळी. हे कोणत्याही कारणाने करू नये. शेगडीखाली वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथही नको. पंखा खालून हवा ओढतो, कागद जाळीला चिकटतो आणि शेगडी गरम होऊन बंद पडते. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडावी. २००० वॅटला २३० व्होल्टवर जवळजवळ ८.७ अँपिअर लागतात, म्हणून १६ अँपिअरचंच सॉकेट हवं. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावली तर पिन तापते, बोर्ड पिवळा पडतो आणि वितळतो.

काच मजबूत असते, पण गरम काचेवर गार पाण्याचं फडकं टाकू नये. गुळाचा किंवा साखरेचा पाक सांडला तर शेगडी बंद करून, तो कोमट असतानाच लाकडी उलथन्याने काढावा. दगड झाल्यावर खरवडला तर चरे पडतात. काचेला बारीकशीही तडा गेली तर वापर थांबवावा, कारण सांडलेलं पाणी तिथून कॉइलपर्यंत जातं. महिन्यातून एकदा, प्लग काढून, खालची जाळी कोरड्या ब्रशने झाडावी. झुरळांना आतली ऊब आवडते. घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांनी चालू शेगडीपासून दोन फूट लांब राहावं आणि डॉक्टरांना विचारून घ्यावं.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर, १४.२ किलोच्या सिलिंडरमधली जेवढी आच भांड्यात उतरते तेवढीला इंडक्शनवर साधारण १४० ते १५० युनिट वीज लागते. आपल्या बिलावरचा शेवटचा स्लॅब बघून हिशेब करावा, कारण ही युनिटं वरच्या स्लॅबमध्येच जाऊन पडतात.

दुकानात जाताना रोजचं पातेलं आणि कुकर पिशवीत घालून न्यावेत. अर्धा लिटर पाणी घालून शेगडी ४०० वर लावायला सांगावी आणि पाच मिनिटं उभं राहून बघावं. पाणी सारखं गरम होतं की उकळ्या येऊन थांबतात, आणि कुकरचं बूड काचेवर डुगडुगतं का, हे तिथेच कळतं.