वाळवीच्या नावाखाली चौसष्ट भोकं

जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस पडले की संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा जमतो आणि सकाळी खिडकीत नुसता पंखांचा खच. ही वाळवीचीच पाखरं. जमिनीतल्या वारुळातून नवा संसार थाटायला निघतात, उजेडाकडे येतात, पंख गाळतात आणि बहुतेक पालींच्या नाहीतर पक्ष्यांच्या पोटात जातात. ती बाहेरून आत आली म्हणजे घराला वाळवी लागली असं मुळीच नाही. घरातल्याच भिंतीतून किंवा चौकटीतून बाहेर पडताना दिसली, तर मात्र बघायला हवं. पण पंखांचा खच बघून घाबरलेली माणसं याच दिवसांत सापडतात, हे काही लोकांना बरोबर कळलंय. माझे आई-बाबा चिंचवडला राहतात, तिसऱ्या मजल्यावर. त्यांच्याकडून असाच एक जण २८ हजार रुपये घेऊन गेला.

कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी आणि स्क्रू ड्रायव्हर. "काका, खाली तुमच्याच बिल्डिंगमध्ये काम चालू आहे, जाता जाता तुमचं पण बघतो, तपासणी फुकट आहे." तळमजल्यावर एका घरात खरंच वाळवीचं काम चालू होतं, फक्त ते दुसऱ्याच माणसाचं. वॉचमनलाही तो हेच सांगून वर आला होता. माळ्याच्या प्लायवुडवर त्याने स्क्रू ड्रायव्हर ठोकला तशी पिठासारखी भुकटी पडली. ती तळहातावर घेऊन आईला दाखवली. "आतून सगळं पोखरलंय, मावशी. दिवाळीपर्यंत ट्रॉल्या खाली येतील." आईच्या डोळ्यांपुढे लगेच कपाटातल्या पैठण्या आल्या.

दर सांगितला चौरस फुटाला ९ रुपये. घर ६०० चौरस फूट, म्हणजे ५,४०० रुपये. एवढे ठीक आहेत म्हणून बाबा हो म्हणाले. त्याने फोन केला, दोन पोरं ड्रिल घेऊन हजर झाली, आणि हॉल-पॅसेजच्या कडेने फूटभर अंतरावर टाइल्सना भोकं पडू लागली. सगळी भोकं पाडून झाल्यावर खरा हिशोब बाहेर आला. ९ रुपये हा 'जागेचा दर', औषध वेगळं. एका होलला एक लिटर, लिटरला ६०० रुपये. होल ६४. म्हणजे नुसत्या औषधाचेच ३८,४००. बाबा चिडले तर म्हणे, "काका, होल उघडी ठेवून गेलो तर वाळवी आणखी पसरेल. तुमची मर्जी." फरशीची चाळण झालेली, तीन धडधाकट माणसं घरात, आई दाराशी उभी. घासाघीस करून 'सीनियर सिटिझन डिस्काउंट'सह २८ हजारांवर आलं. पैसे क्यूआर कोडवर गेले. तिथे नाव कंपनीचं नव्हतंच, कुठल्याशा एका व्यक्तीचं होतं.

बाबा आयुष्यभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते, त्यामुळे डायरी लिहायची सवय गेलेली नाही. शनिवारी मी गेले तेव्हा डायरीत लिहिलेलं दिसलं: होल ६४, पंप ५ लिटरचा, बाथरूममधून दोनदा भरला. म्हणजे घरात फार तर १० लिटर द्रावण शिरलं आणि बिल ६४ लिटरचं! चीड येते ती याची, की 'होलमागे एक लिटर' हा नियम त्याने मनाने काढलेला नव्हता. बांधून झालेल्या इमारतींतल्या वाळवीसाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ भाग ३. त्यात भिंत आणि फरशीच्या सांध्यात साधारण ३०० मिलिमीटर अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर औषध सोडायला सांगितलंय. नियम खरा दाखवायचा, पैसे त्या नियमाने घ्यायचे आणि औषध मात्र नावापुरतं.

शिवाय ते माप फरशीखालच्या मातीत औषध मुरावं म्हणून आहे. तिसऱ्या मजल्यावर फरशीखाली माती कुठली? स्लॅब आहे. वरच्या मजल्यांवर वाळवी चढतच नाही असं नव्हे, डक्टमधून, पाइपांच्या कडेने चढते. पण मग तिच्या मातीच्या नळ्या दिसतात आणि औषध त्या ठिकाणी, चौकटीपाशी घालतात. आणि ती भुकटी? जमिनीतून येणारी वाळवी असं कोरडं पीठ सांडत नाही, ती पोखरलेल्या जागी माती भरते. बारीक पीठ आणि टाचणीएवढी भोकं ही लाकडातल्या भुंग्याची खूण, सुतार ज्याला बोरर म्हणतात. त्याच्यासाठी फरशीला भोकं पाडून काडीचा उपयोग नाही. नंतर ओळखीच्या सुताराने माळ्याच्या दोन फळ्या बदलल्या, विषय संपला.

औषध पांढरंशुभ्र होतं म्हणून आईला ते खरं वाटलं. वाळवीची काही औषधं पाण्यात मिसळली की दुधासारखी दिसतात हे बरोबर आहे, पण पांढरं फिनेलही तसंच दिसतं. घरात दोन दिवस सरकारी दवाखान्यासारखा वास होता. बाकी तुम्हीच ओळखा. बघायचा असतो तो मूळ डबा, सील फोडण्याआधी. भारतात कीटकनाशकाच्या प्रत्येक लेबलवर शंकरपाळ्याच्या आकाराचं चिन्ह असतं, त्याचा खालचा अर्धा भाग विषारीपणानुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. सोबत औषधाचं नाव, नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत. याने आणला होता बिनलेबलचा कॅन आणि सांगत होता 'जर्मन औषध'.

त्याच्या कार्डावर 'गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड' छापलेलं होतं. असं नुसतं म्हणून चालत नाही. पैसे घेऊन हे काम करणाऱ्याला कीटकनाशक कायदा, १९६८ खालच्या नियमांप्रमाणे परवाना लागतो. त्याची प्रत मागा. जो खरा असतो तो फोनवर लगेच पाठवतो. बिलावरचा जीएसटी क्रमांकही मोजून बघा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि एकूण अक्षरं-आकडे १५ असतात. आमच्या बिलावरचा २७ ने सुरू झाला आणि १४ वरच संपला. १० वर्षांची लेखी गॅरंटी दिली होती, पण त्यावरचा फोन आठवड्याभरात बंद.

पोलीस चौकीत अर्ज दिलाय, ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवलीय. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो आणि बिलावरच्या पत्त्यावर प्रत्यक्षात झेरॉक्सचं दुकान आहे. पैसे परत आलेले नाहीत. येतील असं मला वाटतही नाही.

त्याच दिवशी तो वरच्या मजल्यावरही गेला होता, हे नंतर कळलं. तिथे भाड्याने राहणाऱ्या मुलींना ढेकणांचा त्रास आहे. "खोलीत गोळ्या ठेवतो, रात्रभर दार बंद ठेवा, तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपा," असं सांगून तो रविवारची वेळ ठरवून गेला होता. आला नाही, हे नशीब. धान्यात टाकतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या असाव्यात, असा माझा अंदाज. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, फटींतून शेजारच्या खोलीत, शेजारच्या घरात जातो, आणि त्याच्यावर उतारा नाही. झोपेत माणसं गेली आहेत यात. घरात वापरायला ही गोळी नाहीच. कोणी ठेवलीच असेल तर ती हाताने उचलत बसू नका, पाणी तर अजिबात ओतू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, शेजाऱ्यांना उठवा, मळमळ किंवा धाप लागली तर थेट हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात गोळीचं सांगा.