हॅस्ब्रो-मॅटेल बडोद्यातून: परदेशी खेळण्यांचे शेअर घेऊन देणाऱ्या अॅप-सेवेचं परीक्षण

बडोद्यात शेअरची आवड जुनी आहे. सयाजीगंजात शहराचा स्वतःचा शेअर बाजार होता, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांत डीमॅट खातं नसेल तर आता नवल वाटतं. मुलांच्या हातात ऊनोचे पत्ते आणि हॉट व्हील्सच्या गाड्या बघितल्या की या कंपन्यांचे शेअर इथून घेता येतात का, असा प्रश्न येतोच. येतात. भारतीय अॅप, त्यामागे अमेरिकन ब्रोकर आणि मधे आपली बँक, अशी ही सेवा आहे. अॅपचं नाव कुठलंही असलं तरी आतली यंत्रणा जवळपास एकच असते, म्हणून इथे यंत्रणेचंच परीक्षण केलं आहे. पाचपैकी साडेतीन गुण. खरेदी सोपी आहे. पैसे पाठवणं महाग पडतं, विशेषतः थोडे-थोडे पाठवले तर. आणि या क्षेत्रातला काही उत्तम माल या दुकानात ठेवलेलाच नसतो.

आधी मालाबद्दल. हॅस्ब्रो, मॅटेल, फंको आणि जॅक्स पॅसिफिक शोधताक्षणी सापडतात, गेमिंगमध्ये टेक-टू आणि रोब्लॉक्सही. शेअरचा तुकडासुद्धा घेता येतो, म्हणजे दहा-वीस डॉलरनेही सुरुवात होते. लेगो मात्र कुठल्याच बाजारात मिळणार नाही. ती मुख्यतः डेन्मार्कच्या संस्थापक कुटुंबाच्या हातात आहे, तिची नोंदणीच झालेली नाही. वॉरहॅमरच्या छोट्या सैन्यांची नॉटिंगहॅमची कंपनी गेम्स वर्कशॉप लंडनच्या बाजारात आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये एफटीएसई १०० या तिथल्या शंभर मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात दाखल झाली. आरेखन स्वतःचं, कारखाना स्वतःचा, दुकानंही स्वतःची, आणि हाताशी खरोखर जास्तीची रोकड उरली की ती लाभांश म्हणून वाटून टाकायची. छंदाच्या धंद्यात इतकी नीट चालवलेली कंपनी मला दुसरी दिसत नाही. अॅपवर ती बहुधा मिळत नाही, कारण ती अमेरिकेच्या बाजारात नाही. बोर्ड गेमवाली आस्मोडी फेब्रुवारी २०२५ पासून स्टॉकहोमला आहे आणि लबूबूवाली पॉप मार्ट हाँगकाँगला. निंटेंडो टोकियोला, आणि तिथे एका वेळी १०० शेअरचा गट घ्यावा लागतो. तिच्या शेअरच्या बदली अमेरिकेत मिळणाऱ्या पावत्या (एडीआर) मुख्य बाजाराबाहेर विकल्या जातात आणि बरीच अॅप त्या दाखवत नाहीत. निंटेंडो हवीच असेल तर ईएसपीओ नावाचा गेमिंगचा ईटीएफ, म्हणजे बाजारात शेअरसारखा मिळणारा फंड, बघा. त्यात ती इतर कंपन्यांबरोबर येते.

आता पैशाची वाट. खातं उघडताना पॅन आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आणि आपण अमेरिकेचे रहिवासी नाही हे सांगणारा डब्ल्यू-८बेन हा अर्ज भरावा लागतो. हा अर्ज असेल तर अमेरिका लाभांशावर २५ टक्के कर कापते, नसेल तर ३० टक्के. सही केलेल्या वर्षानंतरचं तिसरं कॅलेंडर वर्ष संपलं की तो बाद होतो, म्हणून तारीख टिपून ठेवा. मग बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए२ फॉर्म, हेतूचा कोड एस०००१, म्हणजे परदेशी समभागांत गुंतवणूक. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर पाठवता येतात. उधारीवर सौदे करण्यासाठी या वाटेने पैसे पाठवता येत नाहीत. गल्लीतल्या शाखेत ए२ क्वचितच येतो, त्यामुळे तिथे वेळ जातो. नेट बँकिंगवर सोय नसेल तर अलकापुरीकडच्या एखाद्या मोठ्या शाखेत विचारलेलं बरं.

सगळ्यात जास्त गोंधळ याच फॉर्मवर होतो. लाभार्थी म्हणून ब्रोकरचं नाव जातं, आणि आपला ब्रोकरकडचा खाते क्रमांक शेऱ्याच्या रकान्यात लिहायचा असतो. तो शेरा राहिला की पैसे ब्रोकरपर्यंत पोचतात, पण आपल्या नावावर चढत नाहीत. मग बँकेकडून पाठवणीची प्रत मागायची, ती अॅपच्या मदत-कक्षाला द्यायची आणि वाट बघायची. दुसरी चूक नावाची. बँकेतलं खातं नवरा-बायकोचं जोड असतं, ब्रोकरकडचं एकट्याचं. पाठवणारा आणि ब्रोकरकडचा खातेदार एकच नसेल तर ब्रोकर पैसे परत धाडतो, आणि दोन्ही वेळच्या विनिमयाचा तोटा आपल्या माथी येतो. तिसरी गोष्ट शुल्काची. मधल्या बँकेचं शुल्क कोण भरणार, असा पर्याय फॉर्मवर असतो. ते पाठवणाऱ्याने भरायचं असं निवडलं नाही, तर तेवढे डॉलर वाटेतच कापले जातात.

खर्चाचा हिशेब मांडून बघू. समजा बँक दर वेळी ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेते, आणि डॉलरच्या भावात १ टक्का कमावते. ५०,००० रुपये पाठवले तर शुल्काचे ५९०, भावातले ५००, आणि चलन बदलण्यावरचा जीएसटी ९०. एकूण १,१८०, म्हणजे जवळजवळ २.४ टक्के. तेच २,००,००० एकदम पाठवले तर ५९०, २,००० आणि २७० मिळून २,८६०, म्हणजे १.४ टक्के. दरमहा पाच-दहा हजारांची एसआयपी या वाटेने करणं म्हणजे कंपनीच्या आधी बँकेला कमावून देणं. वर्षातून एकदा-दोनदा पाठवा. पाठवण्याआधी बँकेला त्या क्षणाचा विक्रीचा भाव विचारा आणि बाजारभावाशी ताडून बघा. "शून्य शुल्क" म्हणणारे आपली कमाई भावातच काढतात.

एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला आयकर, लागतो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. शिवाय न गुंतवलेली रक्कम १८० दिवसांच्या आत परत आणावी लागते.

करांचं काम मात्र अॅप आपल्यासाठी पुरेसं करत नाही, आणि अर्धा गुण मी इथे कापला आहे. हॅस्ब्रो अलीकडच्या वर्षांत शेअरमागे तिमाहीला ०.७० डॉलर देते. १० शेअरवर ७ डॉलर होतात, पण खात्यात ५.२५ जमा होतात. रिटर्नमध्ये ७ डॉलरच दाखवायचे आणि कापलेल्या १.७५ ची वजावट वेगळा अर्ज भरून घ्यायची. तो अर्ज राहिला तर एकाच रकमेवर दोनदा कर भरल्यासारखं होतं. शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवले तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकले तर आपल्या टप्प्याप्रमाणे. एकही परदेशी शेअर असला की आयटीआर-१ चालत नाही. परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात शेअर ए३ मध्ये आणि ब्रोकरकडचं खातं ए२ मध्ये (बँकेचा ए२ फॉर्म वेगळा) जातं, आणि हा तक्ता जानेवारी ते डिसेंबर असा भरायचा असतो. पुष्कळ जण सवयीने एप्रिल ते मार्चचे आकडे टाकतात. न दाखवल्यास १० लाखांचा दंड होऊ शकतो. स्थावर सोडून एकूण मालमत्ता २० लाखांपर्यंत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यातून सूट आहे, पण तक्ता भरायचाच.

आता कंपनी बघायची कशी. मंगळ बाजारातल्या खेळणीवाल्याला दिवाळीनंतर उरलेला माल जे सांगतो, तेच या कंपन्यांच्या ताळेबंदातली इन्व्हेंटरीची, म्हणजे न विकलेल्या साठ्याची, ओळ सांगते. सप्टेंबर अखेरीस ती फुगलेली असणारच, कारण नाताळचा माल भरलेला असतो. म्हणून जूनशी तुलना करू नका, मागच्या वर्षीच्या सप्टेंबरशी करा. विक्री तेवढीच आणि साठा वाढलेला असेल तर पुढच्या दोन तिमाहींत सवलतीच्या विक्रीने नफा खाल्लेला दिसेल. फंकोने २०२३ मध्ये गोदामात मावेना म्हणून ३ ते ३.६ कोटी डॉलरचा माल फेकून देण्याचं जाहीर केलं. साठ्याची ही ओळ त्याआधी कित्येक महिने फुगत होती. दुसरी नजर दुकानदारांवर. सप्टेंबर २०१७ मध्ये टॉइज आर अस या खेळण्यांच्या दुकानांच्या साखळीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मॅटेल-हॅस्ब्रो दोघींना झळ बसली. मॅटेलचा लाभांश त्याच वर्षी थांबला. तिसरी नजर आयातकरावर. २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावर कर चढवला तेव्हा मॅटेलने मे महिन्यात वर्षाचा अंदाजच मागे घेतला.

हॅस्ब्रोचे आकडे विभागवार वाचा, एकत्र वाचले तर फसाल. मोनोपॉलीच्या डब्यावरून कंपनी खेळण्यांची वाटते, पण जीव आहे तो विझार्ड्स ऑफ द कोस्ट या १९९९ मध्ये घेतलेल्या विभागात. मॅजिक या खेळाचे, लोक जमवतात ते पत्ते तिथूनच निघतात, आणि त्या विभागात १०० रुपयांच्या विक्रीवर सुमारे ४० रुपये परिचालन नफा राहतो. धोकाही तिथेच आहे. पत्ते प्रमाणाबाहेर छापले तर जमवणाऱ्यांचा विश्वास उडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये बँक ऑफ अमेरिकाच्या विश्लेषकांनी याच कारणाने शेअरबद्दलची शिफारस खाली आणली होती. सुमारे ४०० कोटी डॉलरला घेतलेल्या ई-वन (एंटरटेनमेंट वन) या कंपनीपैकी पेप्पा पिग ठेवून घेऊन फिल्म-टीव्हीचा धंदा कंपनीने २०२३ मध्ये सुमारे ५० कोटींना विकला. असे सौदे व्यवस्थापनाच्या गुणपत्रिकेत धरलेच पाहिजेत.

घरच्या डीमॅटवर नझारा ही भारतीय गेमिंग कंपनी मिळते. मार्च २०२१ मध्ये १,१०१ रुपयांना आलेल्या या शेअरवर २०२२ मध्ये बोनस आला, २०२५ मध्ये पुन्हा बोनस आणि विभाजन झालं, म्हणून तो भाव ८ ने भागून बघा. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि पोकरमधल्या तिच्या गुंतवणुकीला मोठा फटका बसला. भारतीय गेमिंग शेअर घेताना उत्पन्नातला कुठला भाग कायद्याच्या टप्प्यात येतो, हे आधी तपासा.

एक बाब अॅपच्या पडद्यावर सहसा दिसत नाही. अमेरिकन शेअर ६०,००० डॉलरच्या वर असताना खातेदार गेला, तर अमेरिकेचा वारसा-कर ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि त्याबाबत भारताचा अमेरिकेशी करार नाही. वारस नोंदवण्याची सोय आहे का, हे खातं उघडतानाच लेखी विचारा. ब्रोकरचं नाव आणि खाते क्रमांक घरच्या फायलीत कागदावर लिहून ठेवा, कारण डीमॅटच्या विवरणात हे शेअर दिसत नाहीत.