मेडिकेअर परदेशात चालत नाही म्हणून घेतलेला प्लॅन
रिटायर होऊन आम्ही दोघं अमेरिकेतून पोर्तुगालला आलो, आणि मेडिकेअर, म्हणजे तिकडचा ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, इथे जवळपास काहीच देत नाही हे पचवायला वेळ लागला, मेडिकेअरला जोड म्हणून घेतलेला खाजगी विमा, मेडिगॅप प्लॅन जी, होता पण तो परदेशात फक्त ट्रिपच्या पहिल्या 60 दिवसांतली इमर्जन्सी बघतो, आधी 250 डॉलर आपले मग 80 टक्के त्यांचे, आणि आयुष्यभरात मर्यादा 50,000 डॉलर. म्हणून इंटरनॅशनल हेल्थ इन्शुरन्स प्लॅन घेतला. माझं हॉस्पिटलचं बिल त्यांनी थेट भरलं, खूप आधार वाटला. पण ह्यांच्या जुन्या बीपीचा क्लेम नाकारला, जुन्या आजारांचं काय ते फॉर्म भरताना कोणी नीट सांगितलंच नव्हतं, राग आहेच. आणि मेडिकेअरचा पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, विचार न करता बंद करू नका हं, अमेरिकेत परत जाऊन तो पुन्हा घेतलात तर तो नसलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे प्रीमियमवर 10 टक्के दंड, तोही कायमचा.