स्लायडिंग फी: आठ महिन्यांचा अनुभव आणि डिसेंबरचे दोन पे-स्टब

डिसेंबरमध्ये १६० डॉलरचं बिल आलं, म्हणून हे लिहायला बसले. पंचेचाळीस मिनिटांच्या ज्या थेरपीला जूनपासून मी स्लायडिंग फीने, म्हणजे उत्पन्नानुसार ठरणाऱ्या सवलतीच्या दराने, ३५ डॉलर देत होते, तिचंच बिल.

न्यू जर्सीतल्या या कम्युनिटी हेल्थ सेंटरचं नाव घेत नाही, कारण तिथल्या थेरपिस्टबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आई गेली तेव्हा मला साताऱ्याला जाता आलं नाही आणि त्यानंतर माझी झोपच उडाली. आज मी रात्री झोपू शकते ती त्या बाईंमुळे. फोनवर दुभाषी दिला, आधी हिंदी, पुढे मराठी, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. आता फीबद्दल.

फेडरल अनुदानावरच्या सेंटरमध्ये सवलत दोनच गोष्टींवर ठरते: घरात माणसं किती आणि उत्पन्न किती. बँकेतली बचत, गाडी यांचा त्यात संबंध नाही. २०२५ मध्ये चौघांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा ३२,१५० डॉलर होती. तिच्या आत असाल तर नाममात्र रक्कम, दुपटीच्या म्हणजे ६४,३०० च्या वर गेलात की सवलत बंद, मधल्यांना टप्पे. आमच्या सेंटरचे एका सेशनच्या फीचे आकडे १०, २०, ३५, ५५ आणि मग एकदम १६०. ह्यांना गोदामात ताशी २२ डॉलर मिळतात, दोन आठवड्यांचे १,७६०, वर्षाचे ४५,७६०. रेषेच्या १४२ टक्के, म्हणून आम्ही ३५ मध्ये बसलो. ह्यांच्या कंपनीचा विमा आहे, पण डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम, संपेपर्यंत सगळं खिशातूनच जातं. विमा असूनही ही सवलत मागता येते, हे मला अर्ज भरताना कळलं. विमा आहे म्हणून चौकशीच केली नसेल, तर जरूर करा.

सांगलीला सासऱ्यांना दरमहा पैसे पाठवतो, ते हिशेबात धरले नाहीत. कुटुंब कुणाला म्हणायचं हे प्रत्येक सेंटर स्वतः ठरवतं, आणि इथे फक्त एका छपराखालची माणसं मोजतात. वाईट वाटलं, पण ते मी सोडून दिलं. पे-स्टबचं, म्हणजे पगाराच्या चिठ्ठीचं, मात्र सोडवत नाही.

दर सहा महिन्यांनी उत्पन्नाची पडताळणी होते. शेवटचे दोन पे-स्टब घेतात, सरासरी काढतात आणि २६ ने, म्हणजे वर्षातल्या पगारांच्या संख्येने, गुणतात. माझी पाळी आली डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. सणासुदीमुळे ह्यांना तेव्हा आठवड्याला पंधरा तास ओव्हरटाइम होता, त्यामुळे दोन्ही स्टब २,७५० चे. गुणिले २६, म्हणजे ७१,५००. कागदोपत्री आम्ही २२२ टक्क्यांवर गेलो. दीड महिन्याचा ओव्हरटाइम त्यांनी वर्षभराचा धरला! आणि त्याच स्टबवर, उजव्या कोपऱ्यात, वर्षाच्या सुरुवातीपासूनची एकूण कमाई छापलेली होती: ४४,२२० डॉलर. डिसेंबर उजाडला तरी ४४,२२०. तो आकडा कुणी वाचलाच नाही. मी तो त्या रात्री जेवणाच्या टेबलावर दहा वेळा वाचला.

महिन्याला दोन सेशन, म्हणजे ७० ऐवजी ३२० डॉलर. आमचं महिन्याचं वाणसामान साधारण तेवढ्यात येतं. मी पुढच्या दोन अपॉइंटमेंट रद्द केल्या. झोप पुन्हा गेली. सगळ्यात जास्त मला हे लागलं.

रागाच्या भरात तेव्हा मैत्रिणींना सांगितलं होतं की या सेंटरच्या वाटेला जाऊ नका. ते शब्द मी मागे घेते. जानेवारीत बिलिंगच्या खिडकीवर गेले, तिथल्या मुलीने शांतपणे ऐकलं आणि फेरविचाराचा एक पानी अर्ज दिला. सोबत मालकाचं पत्र जोडायला सांगितलं, ओव्हरटाइम कधी सुरू झाला आणि कधी संपला एवढंच लिहिलेलं. अशा सेंटरला, पैसे भरता येत नाहीत म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही, हेही तिनेच सांगितलं. म्हणजे अपॉइंटमेंट रद्द करायची गरजच नव्हती. तशी पाटी रिसेप्शनच्या भिंतीवर होती, मी सहा महिने तिच्याखाली बसत होते. पण ती आपल्यासाठी आहे असं कधी वाटलंच नाही.

वर्षाचं उत्पन्न शेवटी ४८,७३० भरलं. १५२ टक्के, म्हणजे टप्पा तोच आणि फी पुन्हा ३५. पण हा अर्ज बिलासोबतच पाकिटात का घालत नाहीत? माझ्याजागी इंग्रजी अजिबात न येणारी एखादी बाई असती, तर ती खिडकीपर्यंत पोहोचलीच नसती.

तुमच्या घरी कुणाचं हंगामी काम असेल तर पडताळणीला जाताना मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न बरोबर न्या, आणि स्टबवरच्या त्या एकूण आकड्यावर पेनाने गोल करा. मी आता तसंच करते.

डिसेंबरच्या त्या बिलातले फरकाचे १२५ डॉलर अजून खात्यावर बाकी दिसतात. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा 'काढून टाकतो' म्हणाले. लेखी मागितलं आहे.