बियाणे कंपनीचा आफ्रिकेतला विस्तार: बँकेचं कर्ज की भागभांडवल?

देऊळगाव राजाकडच्या शेडनेटमध्ये संकरित बियाण्यासाठी टोमॅटोच्या मादी ओळीतल्या कळीचे पुंकेसर चिमट्यानं काढतात, मग नराचे परागकण हातानं लावतात. मजुरी तेव्हाच रोख. बियाणं विकतं पुढच्या हंगामात, विक्रेत्यांची वसुली त्याहून उशिरा, आणि न खपलेली पाकिटं परत येतात ती वेगळीच. अशा कंपनीला केनिया-टांझानियात पाय रोवायचे असतील, तर पैसा आणायचा कुठून?

कर्ज घेतलं की मालकी घरात राहते, व्याज खर्चात टाकता येतं. पण हप्ता पाऊस बघत नाही. नव्या देशात मक्यासारख्या पिकाच्या वाणाच्या चाचण्या दोन-तीन हंगाम चालतात. मंजुरीआधी विक्री नाही, व्याज मात्र पहिल्या महिन्यापासून. कमाई शिलिंगमध्ये आणि फेड रुपयात, म्हणजे विनिमय दराचा फटकाही आपल्यालाच. त्यात बँकेला तारण हवं: जमीन, गोदाम. कंपनीची खरी इस्टेट असलेल्या जनक वाणांकडे (ज्या नर-मादी वाणांच्या संकरातून बियाणं तयार होतं) बघून कर्ज देणारा मॅनेजर मला तरी भेटलेला नाही.

भागभांडवलाला, म्हणजे कंपनीतला हिस्सा देऊन घेतलेल्या पैशाला, हप्ता नसतो. 1998 मध्ये मोन्सँटो या अमेरिकी कंपनीनं जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीत 26 टक्के हिस्सा घेतला. तिथं पैशाइतकंच बीटी तंत्रज्ञान (कापसाला बोंडअळीपासून वाचवणारं) महत्त्वाचं होतं. गुंतवणूकदार मात्र संचालक मंडळात बसतो, पाच-सात वर्षांनी बाहेर पडायची वाटही मागतो.

माझं मत: चाचण्यांपुरतं भागभांडवल, विक्री सुरू झाल्यावर खेळत्या भांडवलासाठी कर्ज. करारात जनक वाणांची मालकी कोणाकडे राहणार, ते कलम मात्र वकिलाकडून दोनदा वाचून घ्यावं.